जावयाच्या मापाची सायकल

तुळशीरामभाऊंनी माझी पहिली चौकशी केली ती माझ्या पायाच्या लांबीची.

आमच्या आदिलाबादेत नवा माणूस आला की त्याला गाव कोणतं, लग्न झालं का आणि पगार किती हे विचारायची पद्धत आहे. मी तहसील ऑफिसात कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी बाकीच्यांनी हे सगळं रीतसर विचारून घेतलं. मग सर्वेच्या टेबलावरून एक सुकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस उठला. त्यानं खिशातून टेप काढला, मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि कंबरेपासून टाचेपर्यंत मोजलं. तोंडातल्या तोंडात काही हिशेब केला आणि मयताला आल्यासारखी मान हलवली.

"सायकल कोणती चालवता?"

"भावाची आहे. जुनी."

"म्हणूनच गुडघे दुखतेत तुमचे."

आता बोला! माझे गुडघे खरंच दुखत होते, पण ते या गृहस्थाला कोणी सांगितलं? "टेप बोलून राह्यला, मी नाई," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. संध्याकाळी मला कळलं की मी भाड्यानं घेतलेली खोली याच माणसाच्या भिंतीला भिंत लागून आहे. म्हणजे ऑफिसात टेप आणि घरीही टेप. कपाळ माझं!

तुळशीराम दुर्गे आमचे मोजणीदार. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नक्शा काढायचा, दस्तखत ठोकायचं, हे त्यांचं काम. पुढे तहसीलचं मंडल झालं, बाहेरचा बोर्ड नवा रंगवला, आतल्या खुर्च्या मात्र निजामाच्या वेळच्याच राहिल्या. त्या खुर्च्यांवर भाऊंचा भारी राग. आमचे मोठे साहेब बुटके होते, खुर्चीत बसले की त्यांचे पाय लोंबकळायचे आणि भाऊंना ते बघवायचं नाही. एका रविवारी त्यांनी ऑफिस उघडून घेतलं आणि साहेबांच्या खुर्चीचे चारही पाय करवतीनं कापले. सोमवारी साहेब बसले तेव्हा टेबलाच्या वर नुसतं डोकं राहिलं. भाऊंना मेमो मिळाला. तो शांतपणे वाचून ते म्हणाले, "खुर्ची बरोबर झाली. टेबल चुकीचं हाय. या रविवारी टेबलाचं पाहतो."

शेतावर तर त्यांचा आणखी दरारा. दोन भाऊ एका धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, डोकी फोडायला निघालेले असायचे. भाऊ जाऊन मोजायचे आणि निघायचं असं, की दोघांनीही तिसऱ्याच शेजाऱ्याचं थोडं थोडं दाबलेलं आहे. मग ते दोघे भाऊ एक व्हायचे आणि मिळून मोजणीदाराच्या अंगावर धावून यायचे. या पद्धतीनं त्यांनी किती घरं जोडली याची कुठं नोंद नाही.

त्यांच्या तोंडी एकच शिवी होती, 'रेडीमेड'. ज्याला स्वतःचं मत नाही तो रेडीमेड माणूस. तयार भाषण वाचणारा पुढारी रेडीमेड. सणाला दुकानातून शर्ट आणला म्हणून मलासुद्धा एकदा त्यांनी आठवडाभर रेडीमेड म्हटलं. पण सगळ्यात वाईट म्हणजे रेडीमेड सायकल. "दुकानातली काळी सायकल कोणासाठी करतेत सांगा बरं? दुधाच्या कॅनासाठी! माणूस कॅन हाय काय, बाबू?"

हे वेड कुठून आलं ते सांगतो. आमच्याकडून जो मोठा रस्ता निर्मलवरून खाली हैदराबादेकडे जातो, त्या रस्त्यावर एकदा एक गोरा प्रवासी सायकलवर कन्याकुमारीला निघालेला भाऊंना भेटला. चहाच्या टपरीवर थांबला होता बिचारा. त्याची ती पातळ नळ्यांची, हातात उचलली तर कोंबडीसारखी हलकी सायकल पाहून भाऊंचं भान हरपलं. गोऱ्याचा चहा होईपर्यंत त्यांनी सायकल सगळ्या बाजूंनी मोजली आणि चहा लवकर संपू नये म्हणून त्याला भजी खाऊ घातली. मग शेवटी गोऱ्याचेही पाय मोजले. गोरा हसला, त्यानं आधी स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं, मग सायकलीच्या नळीकडे. म्हणजे ती त्याच्याच मापानं कोणा कारागिरानं करून दिली होती! भाऊ घरी आले ते साक्षात्कार झाल्यासारखे. दोन दिवस कागदावर नळ्या काढत बसले, आणि तिसऱ्या दिवशी उगाच माझं माप पुन्हा घेऊन गेले.

या माणसाच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची मुलगी करुणा. बायको पोर लहान असतानाच वारली. पोरीच्या वेण्या घालण्यापासून सगळं भाऊंनी केलं. वेण्या बापानं घातल्यात हे लांबून ओळखू यायचं, कारण त्या दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या असायच्या. करुणा बापाच्या उंच सायकलीवर दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकली आणि पुढे बालवाडीत शिकवायला लागली तरी पायीच जायची. मी म्हणायचो, "भाऊ, अहो जगाची मापं घेता, पोरीला एक सायकल करा की!"

"पोरगी अजून वाढून राह्यली. आज माप घेतलं तं पुढच्या साली वाया."

पोरगी तेव्हा चांगली बावीस वर्षांची होती.

तिला स्थळ आलं जैनथचं. मुलगा मिलिंद, तिथल्याच शाळेत मास्तर. स्वभावानं गरीब आणि उंचीनं असा, की आमच्या दारातून वाकून आत आला आणि वाकूनच बसला. करुणानं त्याला एकदा पाहिलं आणि त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. मुलाचे वडील सोनटक्के गुरुजी, रिटायर हेडमास्तर. रिटायर झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नव्हता, म्हणून जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं ते उभे राहायचे.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बुद्धवंदना झाली, चहा-पोहे झाले आणि गुरुजी उभे राहिले. हुंडा ही समाजाला लागलेली कीड आहे, आम्ही एक दमडी घेणार नाही, घेणाऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही! टाळ्या पडल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच गुरुजींनी खाकरून पुढचं वाक्य सोडलं, "आता पोरगा शाळेत जाते, तं एक सायकल तेवढी. तिले हुंडा म्हणता येत नाही. ते वाहन आहे."

दुसरा बाप असता तर त्यानं गुमान दुकानाची वाट धरली असती. भाऊंचे डोळे लकाकले.

"देतो! पण रेडीमेड देणार नाई. जावयाच्या मापाची घरी करून देतो. अन् आयका, सायकल झाल्याबिगर तारीख काढायची नाई."

असं म्हणून त्यांनी टेप काढला आणि भर सभेत, गळ्यात हार घातलेल्या नवरदेवाला भिंतीला उभा केला. पाय मोजला, हात मोजला, खांदे मोजले. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मिलिंद लाजून लाल झाला. गुरुजी माझ्या कानाशी लागले, "सूटबी शिवून राह्यले वाटते. रंग आमी कळवतो म्हणा."

"गुरुजी, हे सायकलीचं माप आहे."

"सायकलीले कोणी माप घेते काय, बाबू? मले नका शिकवू."

झालं! जैनथला सुटाची बातमी गेली. पुढचे कितीतरी महिने बाजाराला येणारा प्रत्येक माणूस आम्हाला सुटाच्या रंगाबद्दल निरोप देऊन जायचा. आधी राखाडी, मग निळा, आणि शेवटी रंग कोणताही चालेल पण कोट दोन बटणांचा पाहिजे.

इकडे भाऊंनी कामाला हात घातला. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भंगारात तास तास घालवून पोलादी नळ्या निवडल्या. नळी हातात घ्यायची, नखानं टिचकी मारायची, कानाला लावायची आणि नापास करायची. भंगारवाला म्हणायचा, हा माणूस टरबूज घ्यायला आला आहे. सायकलीचं पूर्ण मापाचं चित्र त्यांनी मोजणीच्या जाड कागदावर काढलं आणि सवयीनं कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला. सांधे जोडायला जिनिंगच्या वर्कशॉपातला नरसय्या गाठला. नरसय्याचा हात मोठ्या मशिनीवर बसलेला, धडाधड वेल्डिंग करून मोकळा होणारा. भाऊंनी त्याला पितळ वितळवून हळूहळू, सांध्यात झिरपवत झाळ द्यायला लावलं. सांधा जरा जास्त तापला की "रुक, रुक!" म्हणून ओरडायचे. नरसय्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "अय्यो सार, ये सायकल है के नाक की नथनी?"

मी रोज संध्याकाळी बघायला जायचो. सायकल सुंदर होत होती यात वाद नाही. फक्त वरची दांडी सीटकडं पार खाली उतरलेली दिसली, तेव्हा मी विचारलं, "ही एवढी खाली काऊन?"

"जावई मास्तर हाय. मास्तर लोकाईले उतारवयात टांग टाकता येत नाई."

"आणि चेनीला हे पूर्ण कव्हर?"

"पँटीले तेल लागते, बाबू. मास्तराची पँट पांढरी असते."

या माणसाशी कोण वाद घालणार! त्यांच्या प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं, म्हणून मी कारणं ऐकायचं सोडून दिलं होतं.

पावसाळा संपला तेव्हा सायकल उभी राहिली. मी म्हटलं, चला, तारीख काढू. तर भाऊ म्हणाले, मागचं चाक केसभर डावीकडं जातं. ते सरळ झालं. मग हँडल केसभर वर निघालं. मग रंग पसंत पडेना, खरवडून पुन्हा दिला. कापूस फुटला, वेचला गेला, गाड्या भरभरून जिनिंगला आला, रस्ते पांढरे झाले, आणि आमच्या शेजारी कानस चालूच. जैनथहून आता सुटाचे निरोप येणं बंद झालं होतं, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

एका सकाळी करुणा माझ्या दारात आली. शाळेला निघाली होती, पण पाय निघत नव्हता.

"काका, तुमी तरी सांगा ना बाबाले. गुर्जीकडं भैंसा गावचं स्थळ आलं म्हणते. थे लोक स्कूटर देऊन राह्यले."

"मग? तुला काय वाटतं?"

"मले काय वाटन? मले हेच पायजेत," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागली.

माझं डोकं फिरलं. मी तडक शेजारी गेलो. सायकल दोरीनं आढ्याला टांगलेली, नव्या नवरीसारखी चकचकीत, आणि भाऊ तिच्या एका गुळगुळीत सांध्यावरून कानस फिरवत होते.

"भाऊ, ही सायकल झालेली आहे."

"केसभर फरक हाय."

"कुठं आहे? दाखवा मला! लोक हसताहेत, गुरुजी दुसरं स्थळ बघताहेत, आणि तुम्ही पोलादाला गोंजारत बसलात. अहो, केसभर फरकासाठी पोरीचं लग्न मोडता का?"

भाऊंनी कानस खाली ठेवली.

"करुणा रडली काय?"

"रडली."

"मंग काढा तारीख," ते म्हणाले. आणि सायकल खाली उतरवून तिला घोंगडीत गुंडाळलं, ती लग्नाच्या दिवसापर्यंत कोणाला पाहू दिली नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. मांडव आमच्या दोन घरांसमोरच. मंगल परिणय व्यवस्थित पार पडला, गुरुजींचं हुंड्यावरचं भाषण याही वेळी झालं आणि या वेळी ते जास्त लांबलं, कारण सूट आला नव्हता. मग भाऊंनी सायकल आणली. घोंगडी काढली तेव्हा मांडवातून 'वा!' निघालं. आकाशी रंग, बारीक नळ्या, सांध्यांवर पितळेची नाजूक रेघ. नरसय्या मागच्या रांगेत छाती फुगवून उभा होता.

आमच्याकडं दिलेली वस्तू चारचौघांत वापरून दाखवायची रीत आहे. घड्याळ असेल तर नवरदेवानं वेळ सांगायची, सायकल असेल तर मांडवाला एक फेरी मारायची. मिलिंदनं हार सावरला, टांग टाकली आणि बसला. पहिल्याच पायडलला त्याचा गुडघा हँडलवर असा आदळला की घंटी वाजली. दुसऱ्या पायडलला दुसरा गुडघा. तो लहान पोराच्या तीन चाकी गाडीवर बसवलेल्या उंटासारखा दिसत होता. मांडव हसून हसून आडवा झाला. भैंशाच्या स्थळाचा मध्यस्थ तर खास हे बघायलाच आल्यासारखा हसत होता.

गुरुजी ताडकन उभे राहिले. "दुर्गेबुवा, ही काय थट्टा लावली? साऱ्या सभेपुढं माप घेतलं होतं तुमी! वर्षभर पोराचं लग्न लांबवलं, अन् हे? सांगा, कोणाच्या मापाची हाय ही सायकल?"

हसणं थांबलं. जन्मात ज्याचं माप चुकलं नाही तो माणूस मांडवाच्या मधोमध खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, झालं, आता वरात फिरते. मिलिंद गोंधळून सायकल धरून राहिला. आणि पांढऱ्या लुगड्यातली करुणा जागची उठली, त्याच्या हातातून हँडल घेतलं, उतरलेल्या दांडीवरून सहज पाय पलीकडं टाकला आणि बसली. पाठ ताठ, हात मोकळे, पायाचा चवडा जमिनीला नेमका टेकलेला. पदर चेनीला लागत नव्हता.

"बाबा," ती एवढंच म्हणाली.

"जैनथची बस सकाळी एक अन् संध्याकाळी एक," भाऊ तिच्याकडं न बघता बोलले. "तीबी येते न येते. बापाच्या घरी यावं वाटलं तं कोणाले विचारायचं काम नाई पडलं पायजे. कोणाची वाट पाहायचं काम नाई पडलं पायजे." मग गुरुजींकडं वळले. "गुर्जी, तुमी हुंडा घेत नाई. आत्ताच बोलले. मंग सायकल पोराच्या मापाची असो का पोरीच्या, काय फरक पडते?"

गुरुजींनी तोंड उघडलं. पण एवढ्या लोकांसमोर आपलंच भाषण मागं घ्यायचं म्हणजे हेडमास्तराला जमणारी गोष्ट नव्हे. ते आपणहून खाली बसले. आणि मिलिंद, तो भला माणूस, गुडघा चोळत चोळत सासऱ्याकडं बघून हसला. "राहू द्या मामाजी. माही शाळा घराच्या समोरच हाय. मले सायकल लागतच नाई." हे आधी सांगितलं असतं तर? पण त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

जेवणावळीच्या गडबडीत भाऊ दिसेनात. मी शोधत गेलो तर मांडवामागं पाण्याच्या ड्रमाजवळ उभे, चष्मा हातात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पावसाळा सरला तेव्हाच झाली होती, बाबू," ते म्हणाले. "पहिल्याच झटक्यात झाली. काहीच चुकलं नव्हतं. झाली म्हणलं असतं तं पोरगी गेली असती."

वर्षभर भिंतीपलीकडून येणारा तो कानशीचा आवाज मी शिव्या देत ऐकला होता. खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जाऊन पंक्तीला बसलो.

जैनथचा रस्ता सपाट. बहुतेक रविवारी सकाळी करुणाची घंटी गल्लीत वाजायची. भाऊ उजाडल्यापासून दाढी करून ओट्यावर बसलेले असायचे, पण ती आली की वर न पाहता आधी सायकलीकडं बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "चाक हलून राह्यलं. अशी कशी आली तू? खोलावं लागते." मग चाक निघायचं, बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या ताटलीत पडायचे आणि संध्याकाळपर्यंत ती सायकल काही जोडली जायची नाही. "आता खोललंच हाय तं आजच्या दिवस राह्य. सकाळी जाजो." मी एकदा त्या ताटलीत वाकून पाहिलं. छर्रे इतके स्वच्छ होते की रॉकेलला रंगही आला नव्हता.

करुणाला हे कळत नव्हतं असं नाही. तिच्या कॅरियरला दुसऱ्या दिवशीची साडी घरूनच बांधून आणलेली असायची. तरी दर वेळी ओट्यावर पाय ठेवता ठेवता ती मोठ्यानं म्हणायची, "बाबा, आज संध्याकाळीच परत जायचं हाय बरं मले!" आणि म्हातारा पाना आणायला घरात पळायचा.